सायकलचा विमा किती रकमेचा काढावा? कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

सायकलच्या विम्याचा अर्ज तसा छोटा असतो. नाव, पत्ता, कंपनी, मॉडेल, फ्रेम नंबर आणि मग 'विमा रक्कम' अशी एक मोकळी चौकट. पेन तिथंच अडतं. कुणी बिलावरचा आकडा उतरवून काढतो, कुणी 'गोल करून पन्नास हजार टाका' म्हणतो, कुणी एजंटालाच विचारतो आणि एजंट उलट आपल्याकडं बघतो. राजारामपुरीपासून कागलपर्यंतच्या सायकलवाल्यांनी या एका चौकटीबद्दल वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत. उत्तरांतली सायकलींच्या किमतींची आकडेमोड हिशोब कळावा म्हणून धरलेली आहे. तुमच्या पॉलिसीची कलमं तुमच्या पॉलिसीतच वाचायची.

सायकलला विमा सक्तीचा आहे का?

नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार थर्ड पार्टी विमा लागतो तो मोटार असलेल्या वाहनाला. पायानं चालणारी सायकल त्यात येत नाही. फरक लक्षात घ्या: स्कूटरच्या विम्यात आकडा कंपनीच काढून देते. सायकलच्या बाबतीत बऱ्याचदा तुम्ही सांगाल तो आकडा लिहून घेतला जातो आणि तो बरोबर होता का हे दावा आल्यावर तपासलं जातं. म्हणजे प्रीमियम भरताना कुणी हटकत नाही, पैसे मागायला गेलात की हटकतात.

मग रक्कम नेमकी कशाची धरायची? बिलाची, की आज विकली तर येईल ती?

बहुतेक वेळा दोन्हीची नाही. एकाच सायकलचे तीन भाव असतात. तुम्ही घेतली तेव्हाचा, आज विकायला काढली तर मिळेल तो आणि आज दुकानात जाऊन तशीच सायकल नवी आणायची तर मोजावा लागेल तो. यातला कुठला धरायचा हे तुमच्या मनावर नाही, पॉलिसीतल्या भरपाईच्या कलमावर ठरतं. म्हणून आकडा लिहिण्याआधी ते एक कलम शोधा.

'जुन्याच्या जागी नवी' अशी भरपाई असेल, तर तिसरा भाव धरायचा. आज, या आठवड्यात, तशीच सायकल तुमच्या दारात उभी करायला किती लागतील, तेवढी विमा रक्कम. भरपाई 'बाजारमूल्यानं' किंवा 'घसारा वजा करून' असेल, तर त्याच तिसऱ्या भावातून सायकलच्या वयाचा घसारा वजा करायचा. दोन्हीकडं सुरुवात आजच्या नव्या भावापासूनच होते, हे बघा. जुनं बिल ही सायकल तुमची आहे याचा पुरावा म्हणून उत्तम. किमतीचा पुरावा म्हणून ते दरवर्षी शिळं होत जातं.

काही कंपन्यांच्या पॉलिसीत नव्या सायकलला पहिल्या वर्षी बिलाचीच रक्कम धरतात, तुम्हाला पर्यायच नसतो. तिथं एवढंच तपासा, की बिलात नुसती सायकल आहे की कुलूप, स्टँड, मडगार्डही त्यातच घुसलेत.

आजचा भाव कसा काढायचा? नेटवर तर चार ठिकाणी चार दिसतात.

दुकानात जा आणि कोटेशन मागा. लेटरहेडवर तारीख, मॉडेलचं पूर्ण नाव, फ्रेमचा साइज आणि करासकट किंमत. दुकानदार कुरकुरला तर स्पष्ट सांगा, विम्यासाठी पाहिजे. ते मॉडेल फक्त ऑनलाइन मिळत असेल तर त्या पानाचा तारखेसकट फोटो काढून ठेवा आणि घरपोच आणायचा व जोडणीचा खर्च त्यात धरा. खोक्यातून आलेली सायकल स्वतःहून उभी राहत नाही, मिस्त्री लागतोच.

छापील एमआरपी धरू नका, तो भाव सहसा कुणी देत नाही. उलट ओळखीनं सोडलेले दोन हजार किंवा दिवाळीची सूटही धरू नका. सायकल चोरीला जाईल तेव्हा दिवाळी असेलच असं नाही. हप्त्यानं घेतली असेल तर भरलेलं व्याज सायकलच्या किमतीत येत नाही. ते बँकेचं.

माझं बिल २०२४ चं आहे. तेव्हापासून भाव वाढलेच असतील ना?

दरवेळी नाही. सायकलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. समजा कर सोडून सायकल ३०,००० ची होती. जुन्या बिलात ती ३३,६०० ला पडली असणार. मूळ भाव तोच राहिला असेल तर आज ती ३१,५०० ला येईल. तुम्ही जुनं बिल बघून ३३,६०० लिहिले तर २,१०० रुपयांवरचा प्रीमियम उगाच भरताय. दुसरीकडं कंपनीनं मूळ भावच वाढवला असेल तर करातली घट त्यात मुरून जाते आणि आकडा बिलाच्याही वर जातो. म्हणूनच कोटेशन.

प्रीमियमवर मात्र १८ टक्के जीएसटी आहेच. दर विचारताना करासकट विचारा.

कॅरियर, लाइट, हेल्मेट हे सगळं धरायचं का?

इथं बसून हिशोब करावा लागतो, कारण गिअरच्या सायकलवर हळूहळू जो संसार जमतो त्याची किंमत कुणी मोजलेली नसते. एक उदाहरण धरू. ताराबाई पार्कातून रोज शिवाजी विद्यापीठाला जाणारी एक हायब्रीड सायकल. आजचा दुकानातला भाव ३४,०००. त्यावर मडगार्डची जोडी ९००, मागचं कॅरियर १,६००, पुढचा-मागचा लाइट मिळून २,४००, बाटलीचा स्टँड ३००. झाले ३९,२००. आता सीट. मूळ सीट टोचायचं म्हणून बदलून १,८०० चं बसवलंय. पूर्ण १,८०० मिळवायचे नाहीत, कारण ३४,००० मध्ये मूळ सीट धरलेलंच आहे. समजा ते ६०० चं, तर फरक १,२०० चा. एकूण ४०,४००. हे सगळं नव्या सायकलवर पुन्हा बसवायची मजुरी ६०० धरा. विमा रक्कम ४१,०००.

आता काय बाहेर ठेवलं ते बघा. हेल्मेट सायकलला जोडलेलं नसतं, बहुतेक ठिकाणी ते अॅक्सेसरीत धरत नाहीत किंवा वेगळी मर्यादा असते. हँडलवरचा जीपीएस कॉम्प्युटर चुटकीसरशी निघतो. सायकल राहिली आणि तेवढाच गेला तर 'सुटा भाग' म्हणून दावा नाकारायची कलमं सर्रास असतात. लाइटही क्लिपवाले असतील तर तेच. त्यांना संरक्षण हवंच असेल तर यादीत नावानं आणि किमतीसकट लिहून घ्या. नाहीतर सरळ रकमेतून काढा, ज्याचे पैसे मिळणारच नाहीत त्याचा प्रीमियम कशाला?

काढून माळ्यावर टाकलेलं मूळ सीट, जुने टायर, पहिलं हँडल यांची किंमत धरू नका.

घसारा किती धरतात? गाडीसारखाच का?

गाडीचा तक्ता पुष्कळांना पाठ असतो. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. तो मोटार वाहनांच्या आयडीव्हीसाठी, म्हणजे विम्यात धरायच्या गाडीच्या किमतीसाठी आहे. सायकलला तो आपोआप लागू होत नाही. कंपनी स्वतःचा तक्ता पॉलिसीत छापते. तो गाडीसारखा असू शकतो, त्याहून कडकही असू शकतो, आणि टायर, ट्यूब, ब्रेक पॅड अशा झिजणाऱ्या भागांना वेगळा असू शकतो.

तक्ता हातात आला की हिशोब सोपा. आजचा नवा भाव ४०,००० आणि सायकलच्या वयाला २० टक्के घसारा, तर विमा रक्कम ३२,०००. अशा पॉलिसीत ४०,००० लिहिलेत तरी सायकल गेल्यावर ३२,००० च हातात पडतील. वरच्या आठ हजारांवर भरलेला प्रीमियम कंपनीला दान.

रक्कम थोडी कमी लावली तर काय बिघडलं? प्रीमियम वाचतो की.

बिघडतं. आणि ते चोरी झाल्यावरच नव्हे, साध्या दुरुस्तीतही. मालमत्तेच्या बऱ्याच पॉलिसींत सरासरीचं कलम असतं. खरी किंमत ६०,००० आणि तुम्ही विमा काढला ४०,००० चा, तर कंपनी म्हणते, दोन तृतीयांश धोका आमचा, एक तृतीयांश तुमचा तुम्ही ठेवलात. जोतिबाच्या उतारावर पडलात, पुढचा फोर्क आणि चाक गेलं, दुरुस्ती १५,००० ची. लोकांना वाटतं, १५,००० हे ४०,००० च्या आत आहेत म्हणजे पूर्ण मिळतील. मिळतात १५,००० च्या दोन तृतीयांश, म्हणजे १०,०००. त्यातून वजावट, म्हणजे दर दाव्यात तुम्ही स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, १,००० गेली की ९,०००. उरलेले ६,००० तुमच्या खिशातून.

प्रीमियममध्ये वाचले किती? काहीशे. महागडी सायकल असलेल्यांनी हे कलम पॉलिसीत आहे का ते आधी शोधावं, बाकीचं नंतर.

मग जास्तच लावलेली बरी?

नाही हो. पातेलं मोठं आणलं म्हणून म्हैस जास्त दूध देत नाही. विमा रक्कम ही वरची मर्यादा आहे, कबूल केलेली रक्कम नव्हे. विम्याचं मूळ तत्त्व एवढंच, की नुकसान होण्याआधी तुम्ही जिथं होतात तिथं परत आणायचं, त्याच्या वर नाही. ३५,००० ची सायकल ५०,००० ला लावून चोरीला गेली तर ३५,००० चाच विचार होणार, वर नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरच्या मनात शंका येणार ती वेगळीच.

दोन कंपन्यांकडून दोन पॉलिसी काढून दोन्हीकडून पूर्ण पैसे घ्यायचा बेतही याच कारणानं फसतो. दोघी मिळून एकाच नुकसानीची भरपाई वाटून देतात.

किती किमतीच्या सायकलला विमा परवडतो?

याला सरकारी आकडा नाही, पण हिशोब मांडता येतो. दोन गोष्टी विचारा: वर्षाचा प्रीमियम करासकट किती आणि दर दाव्याला वजावट किती. मुलाला शाळेसाठी घेतलेली साधी सायकल समजा ६,५०० ची. वजावट १,०००. दोन वर्षांत घसारा जाऊन राहिली ४,५००. म्हणजे सायकल पूर्णच गेली तर हातात ३,५००, तेही कागदपत्रांच्या फेऱ्या मारून. अशा सायकलला मी विमा सुचवत नाही. तेच पैसे चांगल्या कुलपात घाला. लक्ष्मीपुरीत साखळी-कुलूप घेताना चाकाला नव्हे, फ्रेममधून घालून खांबाला बांधता येईल एवढ्या लांबीचं घ्या.

पंचवीस-तीस हजारांच्या वर गेलात, सायकल रस्त्यावर उभी करावी लागते किंवा अपार्टमेंटच्या उघड्या पार्किंगमध्ये राहते, तर विचार करण्यासारखं आहे. लाखाच्या पुढच्या कार्बन फ्रेमला तर करावाच, कारण तिथं चोरीपेक्षा तडा जाण्याची भीती मोठी. कार्बनला तडा गेला की बहुतेकदा फ्रेमच बदलायची वेळ येते.

सेकंडहँड घेतली आहे, बिल नाही. रक्कम कशी दाखवू?

आधी मालकी, मग रक्कम. विकणाऱ्याकडून साध्या कागदावर पावती लिहून घ्या: दोघांची नावं, तारीख, किंमत, मॉडेल आणि फ्रेम नंबर. पैसे यूपीआयनं दिले असतील तर उत्तम, तो व्यवहार पुरावा होतो.

फ्रेम नंबर बऱ्याच जणांनी कधी बघितलेलाच नसतो. सायकल उलटी करा, सीट आणि हँडलवर उभी. दोन्ही पॅडलांच्या मधोमध जे जाड नळकांडं आहे त्याच्या पोटाला नंबर ठोकलेला असतो. चिखल आणि ग्रीस चढून तो दिसत नाही. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवा, कोरडं पुसा, मग त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा. आकडे कागदावर उमटतात. फोटोत चमक मारून ३ चा ८ दिसतो, पेन्सिलीच्या छापात तसं होत नाही. फोटो आणि छाप दोन्ही ठेवा. दुसऱ्याची चोरीची सायकल आपल्या गळ्यात पडली नाही ना, हेही नंबर खरवडलेला आहे का यावरून कळतं.

रक्कम मात्र तुम्ही दिलेली नव्हे. तुम्हाला ४५,००० ची सायकल मित्राने १८,००० ला दिली असेल, तर कोटेशन ४५,००० चं आणि त्यातून पॉलिसीप्रमाणे घसारा. सेकंडहँडला पॉलिसी न देणाऱ्या कंपन्याही आहेत, तेव्हा अर्जात 'जुनी घेतली' हे लपवू नका. लपवलेली माहिती हे दावा नाकारायचं सगळ्यात सोपं कारण.

माझं मॉडेल आता येतच नाही.

त्याच जातीचं आजचं मॉडेल धरायचं. फ्रेमचा धातू, गिअरचा दर्जा, ब्रेक डिस्क की साधे, हे तीन जुळले म्हणजे पुरे. कंपनीच बंद झालेली असली तरी हिशोब तोच. अॅटलसनं साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद केला. तेव्हाची अॅटलस असेल तर दुसऱ्या कंपनीच्या तशाच रोडस्टरचा भाव लावा. दुकानदाराकडून कोटेशनवर 'समकक्ष' असं लिहून घ्या.

आजोबांची रॅले आहे, अजून चालते. तिची किंमत काय धरायची?

नवा भाव नाही आणि घसारा लावला तर शून्य. अशा सायकलला एकच रस्ता: कंपनीशी आधीच किंमत ठरवून पॉलिसीत तशी लिहून घ्यायची. त्यासाठी जाणकाराचं मूल्यांकन आणि सगळ्या बाजूंचे फोटो लागतात. असं करायला तयार होणारी कंपनी शोधावी लागेल. नाही मिळाली तर सायकल आत घ्या, बैठकीत शोभून दिसते.

ई-सायकलचं वेगळं काही?

हो, दोन बाबतीत. पहिली, ती कायद्यानं सायकल आहे का हे बघा. मोटारची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र असेल तर ती मोटार वाहन धरली जात नाही. किट बसवून वेग वाढवून घेतला असेल तर ती नोंदणी, लायसन्स आणि मोटार विम्याच्या कक्षेत जाते. मग सायकल म्हणून काढलेली पॉलिसी, रक्कम कितीही असो, उपयोगी पडेल याची खात्री नाही.

दुसरी, बॅटरी. सायकलच्या किमतीचा मोठा वाटा तिचा असतो आणि ती वापरानं क्षीण होत जाते. रकमेत बॅटरी धरायचीच, पण वेगळी ओळ करून. काढता येणारी बॅटरी पार्किंगमधून एकटीच जाते, तेव्हा ती 'सुटा भाग' ठरते का हे लेखी विचारा.

घराच्या विम्यात सायकल येते का? पुराचं काय?

कोल्हापूरकरानं हा प्रश्न पहिला विचारायला हवा. २०१९ आणि २०२१ ला शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळी, सुतारवाडा इथं तळमजल्यांचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

'भारत गृह रक्षा' ही ठरावीक साच्याची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आली. तिच्यात पूर आहे. इमारतीचा विमा काढला की घरातल्या सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं संरक्षण आपोआप मिळतं. इमारत २५ लाखांना असेल तर सामान ५ लाखांपर्यंत. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं मोठी गोष्ट: या पॉलिसीत कमी रकमेच्या विम्याबद्दल कपात करत नाहीत, म्हणजे वर सांगितलेलं सरासरीचं कलम इथं नाही. भाड्यानं राहणाऱ्याला नुसत्या सामानाचाही विमा काढता येतो.

पण चोरीच्या भरवशावर ती घेऊ नका. तिच्यात चोरी आहे ती पूर, आग अशा विमा असलेल्या घटनेमुळे आणि त्यानंतर सात दिवसांत झालेली. एरवी गॅलरीतून सायकल उचलली तर घरफोडीचं वेगळं कलम जोडलेलं लागतं. आणि सायकल घरात न राहता सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहत असेल, तर तिला 'घरातलं सामान' मानता का, हे कंपनीला ई-मेल करून विचारा. तोंडी 'हो हो, येतं की' याला किंमत नाही.

रकमेबद्दल एक बारकावा. चोरीत सायकल पूर्ण जाते, पुरात सहसा जात नाही. पाणी ओसरल्यावर सायकल जागेवरच असते, गाळानं भरलेली. चाकांच्या हबमध्ये, पॅडलच्या मधल्या बेअरिंगमध्ये बारीक माती शिरते, छर्रे गंजतात, गिअरच्या वायरी अडकतात, चेन लाल होते. वरून धुऊन पुसून चालवलीत तर पंधरा दिवसांत करकर सुरू. म्हणजे खर्च ओव्हरहॉलिंगचा आणि काही सुट्या भागांचा, पूर्ण किमतीचा नाही. यावरून 'पुरासाठी निम्मी रक्कम लावली तरी चालेल' असं वाटतं. स्वतंत्र सायकल पॉलिसीत सरासरीचं कलम असेल तर नेमकं तेच चालत नाही, दुरुस्तीचे पैसेही निम्मे होतात. ई-सायकलची मोटार आणि बॅटरी बुडली तर नुकसान थेट पूर्ण किमतीच्या जवळ जातं.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ ला लागल्याची बातमी आली की सायकल जिन्यानं वर न्या. चारचाकी वर नेता येत नाही, सायकल येते, आणि 'वर का नेली नाही' हे सर्व्हेअर विचारतोच. त्या दिवशी पॉलिसी काढायला मात्र पळू नका. समोर दिसणारं पाणी विमा कंपनीलाही दिसतं.

पन्हाळ्याला ग्रुपनं जातो, अधूनमधून ब्रेव्हे करतो. रक्कम वाढवावी लागेल?

रक्कम नाही, कलम बघावं लागेल. शर्यत आणि स्पर्धा बहुतेक पॉलिसींत वगळलेल्या असतात. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पूर्ण करायची सायकलफेरी, शर्यत नाही; त्यात क्रमांक नसतात, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे एवढंच. पण छातीवर नंबर आणि वेळेची मर्यादा बघून दाव्याच्या टेबलावरचा माणूस 'स्पर्धा' म्हणू शकतो. आधीच लेखी खुलासा घ्या. रविवारचा पन्हाळा ही सहल, तिथं अडचण नसावी. वाटेत वाघबीळला चहाला थांबलात तरी सायकलींना कुलूप लावा, कारण 'नजरेसमोर उभी होती' याला पॉलिसीत कुलूप म्हणत नाहीत.

रेल्वेनं सायकल पाठवली तर?

लगेज म्हणून बुक करताना जादा किंमत जाहीर केली नाही तर रेल्वेची जबाबदारी किलोला १०० रुपयांपुरतीच असते. १४ किलोची सायकल महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये टाकलीत आणि हरवली, तर १,४०० रुपये, मग ती आठ हजारांची असो की ऐंशी. बुकिंगच्या वेळी किंमत जाहीर करून त्यावरचा आकार भरता येतो. तुमच्या पॉलिसीत प्रवासातलं नुकसान असेल तर बघा, नसेल तर हा आकार भरा.

चोरी झाली तर किमतीचा वाद कधी निघतो?

पोलीस ठाण्यातच. फिर्यादीत लिहिलेली किंमत आणि पॉलिसीतली किंमत जुळली पाहिजे. घाबऱ्याघुबऱ्या गेलेला माणूस 'असेल दहा-बारा हजाराची' असं सांगून मोकळा होतो आणि पॉलिसी असते ४१,००० ची. कोटेशन किंवा पॉलिसी मोबाइलमध्ये ठेवा आणि तोच आकडा सांगा.

किमतीचा आणखी एक परिणाम आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्ये पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या चोरीची वेगळी तरतूद आहे आणि ती अदखलपात्र आहे. अशा चोरीला एफआयआरऐवजी एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद हातात पडते, आणि पॉलिसी मागते एफआयआर. स्वस्त सायकलचा विमा न काढण्याचं हेही एक कारण. सायकल पाच हजारांच्या वरची असेल तर 'हद्द आमची नाही, जुना राजवाडा ठाण्याला जा' हे ऐकून परत फिरू नका. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करायची.

'हरवल्याची नोंद' म्हणजे चोरीची फिर्याद नव्हे. पोलिसांच्या पोर्टलवर ती चटकन होते म्हणून पुष्कळ जण तीच करतात आणि दावा अडकतो.

रक्कम दरवर्षी बदलायची का?

नूतनीकरणाच्या वेळी नक्की. मध्येही, नवी चाकं किंवा गिअर सेट बसवलात तर कंपनीला कळवून पॉलिसीत बदल करून घ्या. पॉलिसी आपोआप नूतनीकरण होत असेल तर आकडा मागच्याच वर्षीचा राहतो.

घरात तीन सायकली आहेत. एकच मोठी रक्कम चालेल?

प्रत्येकीची वेगळी ओळ करा, फ्रेम नंबरसकट. एकत्र दीड लाख लिहिलेत तर गेलेली सायकल तिघींतली कुठली आणि कितीची, यावर महिना जातो.

कंपनीनं रक्कम कमी मंजूर केली. पुढं काय?

आधी हिशोब मागा: कुठला भाव धरला, घसारा किती, वजावट किती, सरासरी लावली का. सर्व्हेअर नेमला असेल तर त्याच्या अहवालाची प्रतही मागा. आकडा चुकीचा वाटला तर कोटेशन जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिनाभर उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं जाता येतं. कोल्हापूरसाठी पुण्याचं कार्यालय. कंपनीनं तक्रार फेटाळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा, फी नाही. विमा नियामकाची हेल्पलाइन १५५२५५ आहे, 'बिमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. अर्जाला पॉलिसी, कंपनीचं पत्र, सर्व्हेअरचा अहवाल आणि विमा काढतानाचं तारीखवार कोटेशन जोडा.